विंचू चावला तर: वेदनेपेक्षा घामाकडे आणि पावलांकडे लक्ष द्या

विंचू चावल्यावर जो पेशंट मोठमोठ्याने ओरडत, हात घट्ट धरून दवाखान्यात येतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी बरा होऊन घरी जातो. काळजी करायची ती दुसऱ्याची. तो फारसा ओरडत नाही, पण त्याचा सदरा घामाने भिजलेला असतो, दोनदा उलटी झालेली असते आणि तळपायाला हात लावला तर गार लागतो. घरचे म्हणतात, "आता दुखायचं थांबलंय, विष उतरलं वाटतं." नेमक्या त्याच वेळी विषाचा परिणाम हृदयावर सुरू झालेला असू शकतो. या एका गैरसमजापायी हातचे दोन-तीन तास जातात आणि त्यात लहान मुले दगावतात. विंचूदंशावर आज चांगला उपचार आहे, तो स्वस्त आहे आणि खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही देता येतो. फक्त तो वेळेत सुरू व्हायला हवा.

कोणता विंचू घातक

महाराष्ट्रात माणसाच्या वाट्याला प्रामुख्याने दोन प्रकारचे विंचू येतात. एक मोठा, काळा, दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत वाढणारा. पुष्कळ ठिकाणी त्याला इंगळी म्हणतात. त्याचे पुढचे चिमटे जाडजूड आणि शेपटी त्या मानाने बारीक असते. दिसायला भीतिदायक, पण त्याच्या दंशाने सहसा जागेवरची आग आणि सूज एवढेच होते.

दुसरा लाल किंवा तांबडा विंचू. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या वैद्यकीय लेखनात तो मेसोबुथस टॅम्युलस या नावाने सापडेल. लांबी पाच ते नऊ सेंटीमीटर, रंग नारिंगीपासून गडद तांबूस तपकिरीपर्यंत, पाय फिकट. चिमटे बारीक आणि शेपटी जाड. ही खूण पक्की लक्षात ठेवा: बारीक चिमटे, जाड शेपटी. भारतातला हा सर्वांत घातक विंचू. कोकणात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, घाटावर सातारा आणि पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग, शिवाय कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू आणि सौराष्ट्र इथे तो आढळतो. कोकणातली जांभ्याची जमीन, दगडी गडगे, भाताचा पेंढा, सरपणाचे ढीग या सगळ्या त्याच्या आवडीच्या जागा. दंश बहुतेक संध्याकाळनंतर होतात. उन्हाळ्यात, पहिल्या पावसाच्या सुमारास आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत भारे उचलताना त्यांचे प्रमाण वाढते.

विंचू लहान होता म्हणून विष कमी असेल, हा हिशोब करू नका. मुलांच्या बाबतीत तर गणित उलटेच आहे. नांगीतून तेवढेच विष जाते, पण शरीर दहा-पंधरा किलोचे. म्हणून तोच विंचू बापाला चावला तर रात्र जागून निभावते आणि मुलाला चावला तर जिवावर बेतते.

विष शरीरात काय करते

मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमची ये-जा करणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा असतात. संदेश पुढे गेला की त्या लगेच मिटायला हव्यात. लाल विंचवाचे विष त्यांना वेळेवर मिटू देत नाही. उघड्या राहिलेल्या नळासारखे संदेश वाहत राहतात, आणि ज्या नसा आपल्या इच्छेवाचून घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्या चालवतात त्या सगळ्या एकदम खवळतात.

याचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात उलट्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम आणि काही वेळा नाडी मंद होणे. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांत लिंग ताठ होते आणि तसेच राहते. घरचे लोक ही खूण संकोचापायी सांगत नाहीत, म्हणून स्पष्ट लिहितो: विष अंगात भिनल्याची ही फार लवकर दिसणारी आणि भरवशाची खूण आहे. डॉक्टरांना न लाजता सांगा. हा टप्पा थोडाच वेळ टिकतो.

दुसरा टप्पा जास्त लांब आणि जास्त धोक्याचा. अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या ताणाच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकांचा रक्तात पूर येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, नाडी जलद होते. आकसलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलताना हृदयाची दमछाक होते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरते. कोरडा, सारखा येणारा खोकला सुरू होतो, मग धाप, मग तोंडाला गुलाबी फेस. शेवटी हृदय थकते आणि इतका वेळ चढलेला रक्तदाब कोसळतो. दंशापासून फुप्फुसांत पाणी भरेपर्यंतचा वेळ कधी अर्धा तास असतो, तर कधी आठ-दहा तास.

आता वेदनेचे. विष चावल्या जागीच राहिले तर ती जागा भयंकर ठणकते. विष अंगात भिनले की जागेवरचे दुखणे पुष्कळदा फारसे जाणवतच नाही. उपचार लागू पडून पेशंट सावरू लागला की चावल्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो. म्हणजे "दुखणं थांबलं" ही घरच्यांना बरी वाटणारी बातमी घाम आणि थंड पावलांसोबत आली तर ती वाईट बातमी असते. दवाखान्यात सहा-आठ तासांनी पेशंट "परत दुखायला लागलं" म्हणाला, तर डॉक्टरांना हायसे वाटते.

घरी पहिली पंधरा मिनिटे

१. चावल्याची वेळ घड्याळात बघा आणि कागदावर किंवा मोबाइलवर लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय या वेळेवरून होतात. "मगाशी", "जेवणं झाल्यावर" यातून डॉक्टरांना काही कळत नाही.

२. पेशंटला त्या जागेवरून दूर न्या, अंगावरचे कपडे आणि अंथरूण झटका. विंचू कपड्यातच असेल तर दुसऱ्यांदा डसतो. तो दिसला तर लांबून फोटो काढा. शोधत बसू नका आणि पकडायला तर मुळीच जाऊ नका. उपचार लक्षणे बघून होतात, विंचू बघून होत नाहीत.

३. आडवे झोपवा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, करगोटा, घट्ट घड्याळ काढा. हाताला सूज आली की अंगठी कापावी लागते.

४. जागा साबण-पाण्याने धुवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवा, दहा मिनिटे काढा. बर्फ थेट कातडीवर नको. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, मुलांना वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम. उलट्या होत असतील तर तोंडाने गोळी देण्यात वेळ घालवू नका.

५. दर दहा मिनिटांनी पुढे सांगितल्याप्रमाणे तपासा, आणि तपासत असतानाच गाडीची सोय करा. १०८ ला फोन लावा. गाडी उशिरा येणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकलशिवाय काहीच नसेल तर पेशंट मध्ये आणि त्याला धरायला मागे एक माणूस, असे बसवा.

धाप लागली असेल तर आडवे झोपवण्याचा नियम मोडायचा. अशा पेशंटला पाठीमागे उशा किंवा माणसाचा आधार देऊन बसते ठेवा. फुप्फुसांत पाणी भरलेला माणूस सपाट झोपवला की आणखी गुदमरतो.

आवळपट्टी बांधायची नाही, ब्लेडने चीर द्यायची नाही, तोंडाने ओढायचे नाही, रॉकेल, चुना, पोटॅशियम परमँगनेट काही लावायचे नाही. आघाड्याचे मूळ, उगाळून चिकटवलेला चिंचोका आणि मंत्र यांच्याबद्दल गावोगाव खात्री असते. त्यामागचे कारणही समजून घ्यायला हवे. चावणारे बरेच विंचू साधे असतात, लाल विंचवाच्याही सगळ्या दंशांत विष भिनत नाही, आणि जागेवरचा ठणका काही तासांनी आपोआप उतरतो. त्याचे श्रेय त्या वेळी जे केले असेल त्याला मिळते. ज्या मुलाला विष भिनले आहे, त्याला मात्र यातल्या कशाचाही उपयोग होत नाही आणि तोवर मोलाचा पहिला तास गेलेला असतो. मांत्रिकाकडे जायचाच आग्रह घरातल्या मोठ्यांनी धरला तर भांडत बसू नका. पेशंटला गाडीत घाला, मंत्र वाटेत म्हणता येतील.

तपासायचे कसे

कपाळ आणि पाठ यावरून हात फिरवा. उन्हाळ्यातला नेहमीचा घाम आणि विषाचा घाम यांतला फरक कळतो. विषाच्या घामात केस कपाळाला चिकटतात, पुसले की मिनिटाभरात पुन्हा थेंब उभे राहतात, गंजी पिळता येईल इतकी भिजते, आणि अंगाला हात लावला तर गारवा जाणवतो.

मग तुमच्या हाताची मागची बाजू पेशंटच्या तळपायाला लावा, नंतर घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला. गारवा कुठपर्यंत आहे ते बघा. तळपाय गार आणि पोटरी ऊबदार असेल तर एक गोष्ट. पण गुडघ्यापर्यंत गार असेल तर रक्तवाहिन्या चांगल्याच आवळल्या आहेत. दहा मिनिटांनी तीच सीमा वर सरकली असेल तर अवस्था बिघडते आहे. पायाच्या अंगठ्याचे नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. जास्त वेळ लागला तर तीही खूण नोंदवा.

मनगटावर नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट. उलट्या किती झाल्या ते मोजा. मूल झोपाळू, चिडचिडे की नेहमीसारखे ते बघा. श्वास मोजा, आणि खोकला सुरू झाला का याकडे विशेष लक्ष द्या. सर्दी-पडसे नसताना विंचू चावल्यावर खोकला येतो तेव्हा तो फुप्फुसांतून येत असतो.

यातली एकही खूण असेल तर थेट दवाखाना. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा पेशंट असेल तर खुणांची वाट न बघता दवाखाना. धडधाकट माणसाला फक्त ठणका असेल, तरी लाल विंचवाच्या पट्ट्यात एकदा डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे. बहुतेकांची लक्षणे पहिल्या चार तासांत उघड होतात. म्हणून लक्षण नसलेल्या मोठ्या माणसालाही किमान सहा तास नजरेखाली ठेवायचे, आणि मुलांना चोवीस तास.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत: वेळ, विंचवाचा रंग, उलट्या किती, घाम कधी सुरू झाला, वजन किती, वाटेत आणि घरी काय दिले. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले असेल तर त्याची बाटली किंवा चिठ्ठी बरोबर न्या.

दवाखान्यातला उपचार

डॉक्टर पेशंटला ढोबळमानाने चार पायऱ्यांत बसवतात. पहिली, फक्त वेदना. दुसरी, घाम, उलट्या, लाळ, थंड हातपाय, चढलेला रक्तदाब. तिसरी, फुप्फुसांत पाणी. चौथी, कोसळलेला रक्तदाब. उपचार पायरीप्रमाणे बदलतात आणि पेशंट तासाभरात एका पायरीवरून दुसरीवर जाऊ शकतो. म्हणून पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाला आणि त्यानंतर दर चार तासांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास मोजायचा असतो.

पहिल्या पायरीला वेदनाशामक पुरते. ठणका असह्य असेल तर बोटाच्या मुळाशी किंवा चावल्या जागेभोवती लिग्नोकेनचे दोन टक्क्यांचे इंजेक्शन देतात, त्यात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले नसते. जागा बधिर होते आणि पेशंट झोपतो.

दुसऱ्या पायरीपासून लागते ती प्राझोसिन. ही मूळची रक्तदाबाची गोळी. विंचूदंशावर तिचा वापर रूढ झाला तो महाडमधल्या कामामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे पेशंट फुप्फुसांत पाणी भरून डोळ्यांदेखत जात होते आणि त्या काळी दिल्या जाणाऱ्या औषधांचा काही उपयोग होत नव्हता. त्यांनी अशा पेशंटांजवळ बसून लक्षणांचा क्रम टिपला आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे वापरून बघितली. आधी शिरेतून देण्याचे सोडियम नायट्रोप्रुसाइड, मग तोंडाने द्यायची प्राझोसिन. हे निष्कर्ष १९८० च्या दशकात 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. विष भिनलेल्या पेशंटांत तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरचे जे अल्फा ग्राहक (आकसण्याचा संदेश घेणारी ठिकाणे) विषामुळे उद्दीपित होतात, तेच अडवते. रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. मात्रा मुलांसाठी वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमच्या गोळीचा जेमतेम अर्धा भाग. मोठ्या माणसाला ५०० मायक्रोग्रॅम ते एक मिलिग्रॅम. दर तीन तासांनी पुन्हा तपासून, हातपाय ऊबदार आणि कोरडे होईपर्यंत ती दिली जाते. उलटी थांबत नसेल तर नाकातल्या नळीतून. या मात्रा इथे दिल्या त्या नातेवाइकांना उपचार समजावा म्हणून. घरी गोळी देऊ नका, कारण तिच्यासोबत रक्तदाबावर सतत नजर लागते.

इथे एक चूक वारंवार होते, आणि ती मेडिकलच्या दुकानापासून सुरू होते. प्राझोसिन बाजारात दोन रूपांत येते: साधी गोळी आणि सावकाश विरघळणारी, नावापुढे एक्सएल असलेली. दुकानात सहज हाती लागते ती पुष्कळदा दुसरी. विंचूदंशात तिचा उपयोग नाही, कारण औषध लगेच रक्तात उतरायला हवे. आणि ती अर्धी करून किंवा कुटून दिली तर मात्रेचा सगळाच हिशोब बिघडतो. चिठ्ठीवर साधी गोळी लिहिली आहे आणि दुकानदार दुसरी देतो आहे असे दिसले तर घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक पहिल्या गोळीनंतर होते. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेने उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळी दिल्यावर पेशंट आडवाच राहिला पाहिजे. मूल रडले की आई त्याला खांद्यावर घेते. हे अगदी स्वाभाविक आहे आणि नेमके तेच टाळायचे. मूल खाटेवरच ठेवा, आईने त्याच्याशेजारी आडवे व्हावे, हवे तर कुशीत घेऊन. लघवीसाठी भांडे द्या, उठवू नका.

घाम आणि उलट्यांतून शरीरातले पाणी खूप जाते. कोरड्या पडलेल्या पेशंटला रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली तर रक्तदाब कोसळतो. म्हणून उलटी थांबताच जलसंजीवनी घोटाघोटाने द्यायची, नाही तर शिरेतून सलाइन. जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. अर्ध्या लिटरमध्ये घातले तर मीठ जास्त होते, आणि ते मुलांना घातक.

प्रतिविष

विंचवाचे प्रतिविष भारतातच बनते. मुंबईची हाफकिन बायोफार्मा ते बनवते. सापाच्या लसीचा विंचूदंशात काहीही उपयोग नाही, ही दोन वेगळी औषधे आहेत. "साप-विंचवाची लस" असे एकच नाव घेऊन नातेवाईक ती मागतात, तेव्हा हा गोंधळ होतो.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते, प्राझोसिन विषाने जे सुरू करून ठेवले ते थोपवते. दोन्हींची कामे वेगळी, म्हणून एकत्र दिली तर फायदा जास्त. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात विष भिनलेल्या ७० पेशंटांपैकी निम्म्यांना फक्त प्राझोसिन आणि निम्म्यांना प्राझोसिनसोबत प्रतिविष दिले. दहा तासांच्या आत पूर्ण सावरलेले पेशंट दोन्ही औषधांच्या गटात ९१ टक्के होते, फक्त प्राझोसिनच्या गटात २३ टक्के. बरे होण्याचा सरासरी वेळ आठ तास विरुद्ध जवळपास अठरा तास. यातून काढायचा अर्थ असा: प्रतिविष असेल तर लवकरात लवकर द्यावे, आणि नसेल तर प्राझोसिन अडवून ठेवून प्रतिविष शोधत फिरू नये.

प्रतिविष शिरेतून, सलाइनमध्ये मिसळून, साधारण अर्ध्या तासात दिले जाते. ते घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे कधी अ‍ॅलर्जी येते. देताना अंगावर पित्ताच्या गांध्या, खाज, थंडी-ताप किंवा घशात आवळल्यासारखे वाटले तर तत्काळ नर्सला सांगा. ते आटोक्यात आणता येते.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचा पेशंट मोठ्या रुग्णालयातच हवा. ऑक्सिजन, गरजेप्रमाणे मास्क किंवा नळीतून व्हेंटिलेटर, फुप्फुसांतल्या पाण्यासाठी नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोप्रुसाइड, रक्तदाब कोसळला तर डोब्युटामिन. पाठवण्याआधी पहिल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिनची पहिली मात्रा दिली गेली की नाही हे विचारा. पन्नास किलोमीटरचा घाट उतरताना किंवा चढताना ती मात्रा काम करत असते.

दवाखान्यातही काय चुकते हे नातेवाइकांना माहीत असलेले बरे. घाम आणि लाळ बघून अ‍ॅट्रोपिन दिले जाते. त्याने घाम सुकतो खरा, पण आधीच धावणारे हृदय आणखी धावते आणि रक्तदाब चढतो. नाडी फारच मंद झाल्याखेरीज ते द्यायचे कारण नाही. स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शने सवयीने दिली जातात, त्यांनी विषावर काही होत नाही. लघवी वाढवणारे फ्रुसेमाइड कोरड्या पडलेल्या पेशंटला दिले तर हानी करते. तुम्ही डॉक्टरांशी वाद घालावा असे यात म्हणणे नाही. "विष अंगात भिनलंय का? प्राझोसिन सुरू केलंय का? हातपाय गरम होताहेत का?" हे तीन प्रश्न नम्रपणे विचारले तरी पुरे.

सावरल्याची खूण कोणती? घाम थांबतो, गारवा गुडघ्यावरून घोट्याकडे आणि घोट्याकडून बोटांकडे उतरत जातो, हातावरच्या शिरा पुन्हा दिसू लागतात, मूल खायला मागते. आणि चावल्या जागी पुन्हा ठणकते. घरी सोडताना धनुर्वाताचे इंजेक्शन झाले का ते बघा. चावल्या बोटाला मुंग्या येणे, बधिरपणा काही दिवस राहतो, त्याने घाबरू नका. पण घरी आल्यावर धाप, खोकला, छातीत धडधड किंवा चक्कर आली तर लगेच परत जा.

चावूच नये म्हणून

चप्पल-बूट आणि मुलांची दप्तरे झटकल्याशिवाय वापरू नका. दोरीवरचे कपडे घडी घालण्याआधी झटका. जमिनीवर अंथरूण टाकत असाल तर ते भिंतीपासून हातभर दूर टाका आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. सरपण, शेणी, कौलांचे आणि चिऱ्यांचे ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नका. चार-पाच पावले लांब ठेवा आणि शक्य असेल तर जमिनीपासून उचलून. पेंढ्यात हात घालताना आधी काठीने हलवा, भारा उचलताना जाड हातमोजे घाला. भिंतीतल्या फटी आणि दारा-खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या सांदी सिमेंटने बुजवल्या की निम्मे काम झाले. झुरळे कमी झाली तर विंचूही कमी येतात, कारण तो त्यांच्यावर जगतो.

एक साधन फार उपयोगी आहे आणि खेड्यांत अजून कमी वापरले जाते: अतिनील टॉर्च. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा छोटा टॉर्च ऑनलाइन मिळतो. अंधारात त्याचा झोत पडला की विंचू हिरवट निळा चमकतो आणि काही मीटरवरूनही दिसतो. झोपण्याआधी अंथरुणाभोवती, मोरीत, गोठ्यात, पडवीच्या कडेने तो एकदा फिरवा. झोत डोळ्यांवर मारू नका. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, म्हणून टॉर्च असला तरी झटकण्याची सवय सोडायची नाही.

आणि एक काम आजच करून ठेवता येईल. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: साधी प्राझोसिन आहे का, विंचवाचे प्रतिविष किती कुप्या आहेत, रात्री डॉक्टर असतात का, आणि नसतील तर सर्वांत जवळचे कोणते रुग्णालय उघडे असते. उत्तरे आशाताईंकडे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवा, सोबत रात्री गाडी काढणाऱ्या दोन-तीन जणांचे फोन नंबर. औषध संपले असेल तर ग्रामसभेत तसा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. हे सगळे पावसाळ्याआधी एकदा आणि भातकापणीआधी एकदा तपासून घ्या.